रेषेवर हुकमत असलेल्या चित्रकाराने रेष सोडली तेव्हा : देगाच्या मोनोटाइपचे प्रकरण

चित्रकार अडकतो तेव्हा त्याचे काम बंदच पडते असे नाही. बहुतेकदा काम चालू असते, हात सराईतपणे फिरत असतो, चित्रे विकलीही जात असतात. फक्त पुढचे चित्र कसे होणार हे कागद लावण्याआधीच ठाऊक असते. अशा वेळी ‘काहीतरी नवीन करून बघ’ हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. नवीन म्हणजे कोणते, आणि त्या नव्यातून आपल्या कामात परत कसे यायचे, हे त्यात येत नाही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एदगार देगा या फ्रेंच चित्रकाराने १८७०च्या दशकात पॅरिसमध्ये केलेल्या मोनोटाइपच्या, म्हणजे प्लेटवर शाईने चित्र करून त्याचा एकच चांगला छाप कागदावर काढण्याच्या, प्रयोगात सापडतात. हे प्रकरण चांगले नोंदलेले आहे, प्लेटवर नेमके काय केले ते छापांवर उघड दिसते, आणि ते घरच्या टेबलावर करून बघता येते. म्हणून ते इथे तपशिलात मांडतो.

अडचण काय होती

देगाचा जन्म १८३४चा. रेष हे त्याचे बलस्थान. १८५५ साली आंग्र या वयोवृद्ध फ्रेंच चित्रकाराची भेट झाली तेव्हा भरपूर रेषा काढ, असा सल्ला त्याला मिळाला, आणि तो त्याने आयुष्यभर पाळला. लूव्हरमध्ये जुन्या चित्रांच्या नकला, पेन्सिलीची व्यक्तिचित्रे, नर्तकींची असंख्य रेखाटने. आकृतीची कड पकडण्यात त्याच्या तोडीचे लोक त्या काळच्या पॅरिसमध्ये थोडेच होते.

१८७४ साली वडील वारले. घरची बँक कर्जात बुडालेली निघाली, भाऊ रने याची देणी वेगळीच. पुढच्या काही वर्षांत देगाला घर आणि चित्रसंग्रह विकावा लागला, आणि चित्रे विकून पैसे उभे करणे ही गरज झाली. इथे त्याचा स्वभाव आडवा आला. त्याला चित्र पूर्ण झाले असे म्हणवत नसे. त्याच १८७४ साली गायक झाँ-बाप्तिस्त फोर याने देगाच्या सांगण्यावरून त्याची सहा चित्रे द्युराँ-र्युएल या विक्रेत्याकडून विकत घेऊन त्याला परत दिली, कारण देगाला ती पसंत नव्हती. बदल्यात फोरला मोठी नवी चित्रे मिळायची होती. त्यांतली काही इतकी रखडली की १८८७ साली फोरला कोर्टात जावे लागले.

म्हणजे कोंडी अशी : काम लवकर आणि विकाऊ हवे, आणि हात असा की कड आणखी नेमकी करण्याच्या नादात चित्र हातावेगळे होऊच देत नाही. प्रतिभा आटली होती असे अजिबात नाही. बळकट बाजूच अडवून बसली होती. आज ज्यांना ‘सुचत नाही’ असे वाटते त्यांनी आधी हे तपासावे, कारण सुचत नसणे आणि एकाच तऱ्हेने सुचणे यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

लेपिकची प्लेट

मार्ग मित्राकडून आला. लुडोविक-नेपोलियन लेपिक हा हौशी मुद्राचित्रकार, म्हणजे प्लेटवरून चित्रे छापणारा. कोरलेल्या प्लेटवर शाई दर वेळी वेगळ्या तऱ्हेने लावून आणि पुसून तो एकाच नदीदृश्यातून सकाळ, पाऊस, रात्र असे वेगवेगळे छाप काढत असे. कोरीव रेषा तीच, बदलायची ती फक्त वर राहिलेली शाई. देगाने पुढचे पाऊल टाकले आणि कोरीव रेषाच काढून टाकली. कोऱ्या, गुळगुळीत प्लेटवर शाई, ती पुसून चित्र, वर ओला कागद, आणि प्रेस, म्हणजे दाब देऊन छापणारे यंत्र. प्लेटवर कायमचे काही नसल्यामुळे चांगला छाप एकच मिळतो, दुसरा फिका. यालाच मोनोटाइप म्हणतात. दोघांनी मिळून केलेला आणि दोघांच्या सह्या असलेला बॅले शिक्षकाचा छाप १८७५च्या आसपासचा आहे. तो आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

देगा या गोष्टीत किती बुडाला होता ते त्याचा मित्र मार्सेलँ देबुतँ याच्या जुलै १८७६च्या पत्रातून कळते. देगा आता मित्र राहिला नाही, माणूस राहिला नाही, चित्रकारही राहिला नाही, छपाईची शाई फासलेली जस्ताची नाहीतर तांब्याची प्लेट झाला आहे, अशा आशयाची तक्रार त्यात आहे. मध्यंतरी खंड धरून त्याने एकूण तीनशेहून अधिक मोनोटाइप केले. १८७७च्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात त्यांतले काही मांडताना त्याने त्यांना तेलकट शाईने काढून छापलेली रेखाचित्रे म्हटले होते.

हेच माध्यम का लागू पडले

मोनोटाइपच्या दोन रीती आहेत. एकात स्वच्छ प्लेटवर ब्रशने शाईचे चित्र काढतात, दुसऱ्यात सगळी प्लेट काळी करून उजेडाच्या जागची शाई पुसून काढतात. देगाने दोन्ही वापरल्या, पण त्याला हलवले ते दुसरीने. काळ्या प्लेटवर कड ओढायला जागाच नसते. कापडाने पुसले की पांढरा पट्टा निघतो, बोटाने दाबले की करडा डाग. आकृती बाहेरून वेढता येत नाही, ती आतल्या उजेडातून वर येते. त्याच्या छापांत अंगठ्याचे ठसे, चिंधीचे वळ, ब्रशच्या दांड्याचे ओरखडे स्पष्ट दिसतात. ब्रिटिश म्युझियममधल्या स्त्री-पुरुषाच्या छापात तर चेहरे जवळजवळ पुसूनच गेले आहेत. गर्दीतून जाताना ओझरते दिसावेत तेवढेच शिल्लक आहेत. पेन्सिल हातात असती तर देगाने असे कधीच सोडले नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. शाई वाळायला लागते, कागद ओला करून ठेवलेला असतो, म्हणून छाप काढावाच लागतो. एकदा प्रेसखालून गेला की तो उलटा, सपाट, आणि थोडा अनोळखी होऊन समोर येतो. ‘पूर्ण झाले का’ हा प्रश्न त्याच्या हातातून यंत्राकडे गेला. फोरची चित्रे वर्षानुवर्षे रखडवणाऱ्या माणसाला एका बैठकीत काम संपवावे लागले.

आणि विषयही बदलले. काळ्यातून पांढरे काढायचे तर दिवा लागतो. म्हणून गॅसच्या उजेडातले गाण्याचे कॅफे, रंगमंचाच्या कडेचे खालून येणारे दिवे, कंदिलाशेजारी अंग पुसणारी स्त्री, कारखान्याचा नुसता धूर. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला तो धुराचा छाप पाहावा : त्यात रेषेला धरायला वस्तूच नाही. विषय आधी ठरवून माध्यम शोधण्याची घाई आपण करतो. इथे माध्यमानेच विषय पुढे केले.

आमचे मत या प्रकरणावरून पक्के आहे : अडकलेल्याने असे माध्यम घ्यावे जे त्याची सर्वांत सवयीची गोष्ट काढून घेते. नुसते अनोळखी असून भागत नाही. रेषेच्या माणसाने पेन्सिल सोडून बोरू घेतला तर हात दोन दिवस अडखळेल आणि मग ये रे माझ्या मागल्या. महाराष्ट्रात जलरंगातल्या निसर्गचित्राची मोठी परंपरा आहे, आणि तिच्यात तयार झालेला हात कागदाचा पांढरा पहिल्यापासून राखून ठेवतो, फिक्याकडून गडदाकडे जातो. त्याला काळी प्लेट नेमकी उलट चालवते : गडद आधी, पांढरे शेवटी आणि तेही उकरून. अशा चित्रकाराने जलरंगाचाच मोनोटाइप निवडला, म्हणजे प्लेटवर जलरंगाने रंगवून ते ओल्या कागदावर उतरवले, तर छान छाप मिळतील. सवय मात्र जागची हलणार नाही.

करून बघायचे तर

प्रेस नसला तरी चालते. देगाकडे तांब्याच्या आणि जस्ताच्या प्लेटी होत्या. सुरुवातीला २ किंवा ३ मिलिमीटर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिक शीट पुरते. पाट्या बनवणाऱ्यांकडे तिचे उरलेले तुकडे मिळतात. माप १५ × २० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे. यापेक्षा मोठी प्लेट हाताने घासून नीट छापली जात नाही आणि लहान घेतली की बोटे आपसूक बारकाव्यात शिरतात. कडा पॉलिश पेपरने मोडून घ्याव्यात, नाहीतर कागद कापला जातो. शीटखाली पांढरा कागद ठेवला की पुसलेला भाग छापात साधारण किती उजळ येईल ते दिसत राहते.

शाई तेलाचीच हवी. पाण्याची शाई उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये, पुसायला सुरुवात करेपर्यंत प्लेटवर वाळून बसते. एचिंगची, म्हणजे कोरीव प्लेटवरून छापायची शाई उत्तम. ती नसेल तर ओळखीच्या छापखान्यातून ऑफसेटची काळी शाई छोट्या डबीत आणावी. मात्र यूव्ही शाई नको. ती दिव्याशिवाय वाळत नाही आणि कातडीलाही बाधते. ऑफसेटची शाई चिकट असते, म्हणून चमचाभर शाईत जवसाच्या तेलाचे तीन-चार थेंब घालून सुरीने घोटावी. सुरीवरून ती सावकाश, जाड धारेने ओघळली पाहिजे. पाण्यासारखी गळली तर तेल जास्त झाले. मग तेल न घातलेली थोडी शाई आणखी मिसळावी.

एवढ्या प्लेटला साधारण दोन हरभऱ्यांएवढी शाई पुष्कळ. ती आधी काचेवर रबरी रोलरने पसरवावी, मग प्लेटवर उभी-आडवी फिरवावी. इथे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेवावा. थर बरोबर असेल तर रोलरखाली बारीक, सलग सुरसुर ऐकू येते. चटचट असा चिकट आवाज आला आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर शाई जास्त आहे : रोलर कोऱ्या काचेवर फिरवून रिकामा करायचा आणि प्लेटवरून परत न्यायचा, म्हणजे जादा शाई उचलली जाते.

पुसायला जुन्या मलमलीचे तळहाताएवढे तुकडे, कानातल्या काड्या, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, कडक केसांचा कोरडा ब्रश, आणि बोटे. पहिल्या चार-पाच प्लेटींना टोकदार काहीही वापरू नये. हा नियम जाचक वाटतो, पण तो मोडला की प्रयोगच फसतो : रेषेची सवय असलेला माणूस टूथपिक उचलतो आणि काळ्यावर पांढऱ्या रेषेने तेच जुने रेखाटन करून मोकळा होतो. नंतर वापरायचे झाले तरी लाकडाचे किंवा बांबूचे टोक घ्यावे. सुईचा ओरखडा ॲक्रिलिकमध्ये रुततो, शाई धरून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक छापात उगवतो.

आधी सगळ्यांत उजळ जागा एका झटक्यात पूर्ण स्वच्छ करावी. कापडाला टर्पेंटाइनचा एखादाच थेंब लावला तर शुभ्र पांढरा निघतो. मग मधले करडे. काळा आहे तसा राहू द्यावा, निदान निम्म्या प्लेटवर. एका प्लेटला पाऊण तासाच्या वर देऊ नये. जागा मोकळी हवी, खिडक्या उघड्या असाव्यात.

कागद प्रेससाठी आणि हातासाठी वेगळा. प्रेस मिळत असेल तर २०० ते २५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) सुती कागद दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवून, टॉवेलांमध्ये दाबून, वरची चकाकी पूर्ण जाईपर्यंत टिपून घ्यावा. ओलाव्याने तंतू मऊ होतात आणि शाईपर्यंत पोचतात. हाताने छापताना इतका जाड कागद काही कामाचा नाही. नेपाळी हातकागद किंवा तसलाच पातळ, पण चिवट कागद घ्यावा आणि त्यावर पाण्याचा हलका फवारा मारून पाच मिनिटे प्लास्टिकमध्ये ठेवावा. प्लेटवर कागद एकदाच ठेवायचा, सरकवायचा नाही. वर गुळगुळीत बटर पेपर, आणि त्यावरून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मध्यापासून बाहेर लहान गोल फेऱ्या. दुसऱ्या हाताने कागद घट्ट धरलेला असावा. एक कोपरा उचलून पाहता येतो. फिका वाटला तर तसाच खाली सोडून पुन्हा घासावे. लाटणे वापरू नये. त्याने कागद सरकतो आणि चित्र दुहेरी होते.

काय बिघडते आणि का

सर्वांत जास्त बिघाड अति पुसण्याने होतो. करडे आणखी थोडे, आणखी थोडे करता करता काळा उरतच नाही आणि छाप राखाडी, मिळमिळीत येतो. कारण सोपे आहे : कापड एकदा शाईने भरले की ते शाई उचलत नाही, नुसती इकडून तिकडे पसरवते. दर दोन-तीन पुसण्यांनंतर कापडाची नवी घडी पुढे आणावी. एवढ्याने निम्मे प्रश्न सुटतात. झालेच राखाडी, तर रोलर मारून प्लेट पुन्हा काळी करावी. या माध्यमाचा खरा दिलासा तोच आहे, कारण प्लेट वाया जात नाही आणि कागद अजून लागलेला नसतो.

छापावर पांढरे ठिपके विखुरले असतील तर कागद फार ओला होता : तेलकट शाईला पाणी दूर ढकलते. छाप खरखरीत, दाणेदार आला तर कागद कोरडा किंवा दाब कमी. उजेडाच्या कडा फुटून शाई आत घुसली असेल तर शाई जाड किंवा प्रेसचा दाब जास्त. डावे-उजवे उलट होते हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरी छाप उचलल्यावर धक्का बसतो. ओळखीचा घाट किंवा देऊळ असेल तर कच्चे रेखाटन उलटे करून शीटखाली ठेवावे. पण अडकलेल्याने तसे करूही नये असे आम्ही सुचवू. उलटे झालेले आपलेच चित्र परक्या डोळ्यांनी पाहता येते, आणि तो फायदा फुकट का घालवावा?

सफाईला आधी स्वयंपाकाचे कुठलेही तेल, मग भांड्यांचा साबण. टर्पेंटाइनची गरज फारशी पडत नाही. जवसाचे तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. त्या वाळताना तापतात आणि ढिगात आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून पूर्ण वाळवूनच टाकाव्यात.

फिका छाप आणि परतीची वाट

देगाचा प्रयोग इथेच थांबला असता तर ती नुसती हौस ठरली असती. पहिला छाप काढल्यावर प्लेटवर थोडी शाई उरते. तिचा दुसरा, भुतासारखा फिका छाप निघतो. देगाने त्यावर पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, चढवले. पॅरिसच्या म्युझे दोर्से या संग्रहालयातली ‘लेत्वाल’ ही प्रसिद्ध एकटी नर्तकी, तिथलीच कॅफेच्या गच्चीवर बसलेल्या बायकांची संध्याकाळ, आणि लियाँच्या संग्रहालयातले ‘आंबासादर’ कॅफेतले गाणे, या तिन्ही चित्रांखाली मोनोटाइप आहे. उजेड कुठे, अंधार कुठे हे प्लेटने आधीच ठरवून दिलेले असल्यामुळे पेस्टलला कडा शोधत बसावे लागले नाही. रंग थेट मोठ्या डागांत बसला. चित्र लवकर झाले आणि विकण्याजोगेही झाले. रेषा नंतर परत आली, पण ती आता सांगाडा राहिली नाही. जिथे लागेल तिथेच ती उमटते.

म्हणून फिका छाप कधीही फेकू नये. तो चांगला हवा असेल तर प्लेटवर शाई किंचित जास्त ठेवावी, पहिला छाप पातळ कागदावर काढावा, आणि दुसरा लगेच, जास्त दाबाने, जाडसर ओल्या कागदावर घ्यावा. इथे प्रेस असेल तर बराच फरक पडतो. फिक्या थराला वाळायला दोन ते चार दिवस लागतात, पहिल्या छापाला आठवडाभरही लागतो. पावसाळ्यात छाप एकमेकांवर रचू नयेत. दमट कागदाला बुरशी धरते. क्लिपा लावून पंख्याच्या वाऱ्यात टांगावेत. बोट फिरवल्यावर काळे लागत नाही अशी खात्री झाली की पेस्टल. त्याआधी लावले तर खडूची भुकटी शाईत मिसळून चिखल होतो. जलरंगवाल्यांसाठी एक अडचण आहे : तेलकट शाईवर जलरंग नीट बसत नाही, मागे सरतो. पण फिक्या छापात शाई विरळ असते आणि मधला कागद उघडा असतो, त्यामुळे मोठा सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, त्यावर उतरतो आणि काळ्या जागी तुटक राहतो. तो तुटकपणा भरून काढण्याचा मोह टाळावा.

देगा १८९०च्या शरद ऋतूत या माध्यमाकडे पुन्हा वळला. शिल्पकार बार्तोलोमेसोबत पांढऱ्या घोड्याच्या गाडीतून तो बर्गंडीत दिएने गावी मित्र जानियोकडे गेला, आणि तिथल्या प्रेसवर प्रवासात पाहिलेले डोंगर, शेते, पाऊस नुसत्या आठवणीतून छापले. या वेळी काळी शाई बाजूला ठेवून त्याने तैलरंग घेतले. उघड्यावर बसून निसर्ग रंगवणाऱ्यांची तो आयुष्यभर खिल्ली उडवत आला होता, आणि १८९२ साली द्युराँ-र्युएलकडे त्याने मांडले ते याच निसर्गचित्रांचे प्रदर्शन. त्यांतली काही इतकी सैल आहेत की दरी आणि ढग वेगळे करता येत नाहीत.

रंगीत छाप घ्यायचा तर नळीतला तैलरंग तसाच लावून चालत नाही, तो फार तेलकट असतो आणि कागदावर प्रत्येक डागाभोवती पिवळट कडे उमटते. रंग टिपकागदावर अर्धा-एक तास काढून ठेवावा म्हणजे जादा तेल शोषले जाते. थर इतका पातळ हवा की शीटखालचा पांढरा कागद रंगातून दिसला पाहिजे. रंग दोन-तीनच घ्यावेत. उंचवटा राहिला तर तो दाबाखाली फुटून शेजारच्या रंगात घुसतो. आणि हे काळ्या प्लेटींनंतर करावे. उजेड-अंधार आधी हातात बसलेला नसेल, तर रंग हाताशी आले की सवयीचा हिरवा आणि सवयीचे आकाश लगेच परत येते.